जुन्या कोर्टाचा रिपोर्ट

कुणाच्याही घरी गेले की बूट काढायच्या आधी काका दाराशेजारच्या भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. मान जराशी तिरकी, डोळे मिटलेले. मग निकाल जाहीर. मिशिगनमध्ये नोव्हायला आमच्या एका मित्राने नवंकोरं घर घेतलं. वास्तुशांतीला तीस-चाळीस माणसं जमली होती, गुरुजी पूजा सांगत होते आणि हे गृहस्थ हॉलमधली भिंत वाजवत उभे. यजमानाने मोठ्या आशेने विचारलं, "काय काका, कसं वाटलं घर?" तर म्हणाले, "पुठ्ठा आहे. पण रंग छान निवडलाय." त्या यजमानाने पुढे कित्येक वर्षं त्यांना कुठल्याच कार्यक्रमाला बोलावलं नाही.

"यात रागवण्यासारखं काय आहे?" ते मला विचारायचे, आणि खरंच विचारायचे. तोंडाने खोटं बोलताना मी त्या माणसाला कधी ऐकलं नाही. म्हणूनच त्यांचं जे झालं ते माझ्या अजून घशाखाली उतरत नाही.

मी २००१ साली पुण्याहून एका कंपनीतर्फे मिशिगनला आलो. मोटारींच्या कारखान्यातलं माझं काम वर्ष संपायच्या आत बंद पडलं. चार महिने घरी बसवून ठेवल्यावर कंपनीने मला नोव्हायपासून तासाभरावरच्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गावी पाठवलं. तिथल्या जुन्या कोर्टाच्या तळघरात सव्वाशे वर्षांची जमिनीची कागदपत्रं होती, ती कॉम्प्युटरवर चढवायची होती. मला वाटलं, झालं, आपली अमेरिका आता तळघरात संपणार. पहिल्याच दिवशी धुळीत बसून खोकी उघडत होतो, तेवढ्यात जिन्यावरून मराठीत आवाज आला, "रजिस्टरमध्ये आडनाव वाचलं वरती. डबा आणलायस, का सँडविचच?"

काका काउंटीच्या सगळ्या सरकारी इमारतींचे इन्स्पेक्टर होते. तुरुंग, वाचनालय, बर्फ काढायच्या ट्रकची शेड, सगळं त्यांच्याकडे. टेबल मात्र जुन्या कोर्टात होतं, आणि जीवही तिथेच. सत्तरच्या दशकात मिरजेकडची बांधकाम खात्यातली ज्युनियर इंजिनिअरची नोकरी सोडून ते मेव्हण्याच्या ओळखीने इकडे आले होते. मला डब्यातली भाकरी अर्धी दिली आणि जेवण संपायच्या आत इमारत दाखवायला घेऊन गेले.

तुम्ही अशी कोर्टं पाहिली असतील. गावाच्या मधोमध हिरवळ, तिच्यावर तांबूस दगडाची दुमजली इमारत, वर घड्याळाचा मनोरा आणि मनोऱ्यावर तराजू धरलेली बाई. आपण गाडीतून बघतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. त्यांनी मला आत नेलं. इथलं आधीचं लाकडी कोर्ट जळून गेलं होतं, आणि त्यात सगळ्या गावाची जमिनीची कागदपत्रं. कुंपणावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत वर्षानुवर्षं मारामाऱ्या झाल्या. म्हणून हे कोर्ट बांधताना लोकांनी ठरवलं की आता जळणार नाही असंच बांधायचं. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून शेतकऱ्यांनी घोड्यांना जुंपून दगड ओढून आणला. तळघराच्या छताला लोखंडी गर्डर आणि दोन गर्डरांच्या मध्ये विटांची बसकी कमान, अशा ओळीच्या ओळी होत्या.

तिथे ते थांबले. हात वर करून एका कमानीला लावला. "आमच्या तालुक्याच्या कचेरीत हेच छत होतं. अगदी हेच! तिथे गोऱ्या साहेबाने बांधलेलं, इथे शेतकऱ्यांनी. पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि म्हटलं, चला, आपण काही अगदीच परक्या ठिकाणी आलो नाही."

वरच्या कोर्टरूमचं छत पत्र्याचं, त्यावर साच्याने उठवलेली पानंफुलं. खांब लोखंडाचे, पण रंगाऱ्याने असे रंगवलेले की कुणीही संगमरवर म्हणावं. साक्षीदाराच्या खुर्चीचे हात झिजून गुळगुळीत झाले होते. "खरं बोलणाऱ्यांनी जास्त झिजवलेत का खोटं बोलणाऱ्यांनी, कुणाला कळणार?" ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मनोऱ्यात चढायला शिडी होती. तिथल्या एका तुळईवर कुणा सुताराने पेन्सिलीने बेरजा केल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की आज थंडीने बोटं चालत नाहीत. ते वाक्य त्यांनी मला असं वाचून दाखवलं, जणू घरचं पत्र आलंय.

अशी दोन वर्षं गेली. मी तळघरात, ते वर. शनिवारी त्यांच्या घरी जेवायला. काकूंची तक्रार ठरलेली असायची, "आमच्या घरातला नळ तीन आठवडे गळतोय रे. पण तो कोर्टात नाही ना, म्हणून दिसत नाही यांना." काका कानाडोळा करून आमटी वाढून घ्यायचे.

मग काउंटीच्या बोर्डात विषय निघाला, की जुनं कोर्ट दुरुस्त करायचं की गावाबाहेर नवं बांधायचं. दुरुस्तीसाठी राज्याकडून मदत मिळण्यासारखी होती, पण त्यासाठी इमारतीच्या अवस्थेचा रिपोर्ट हवा होता. तो लिहायचं काम साहजिकच काकांकडे आलं. महिनाभर ते टॉर्च घेऊन मनोऱ्यात, छतावर, भिंतींच्या पायाशी रांगत होते. एवढे खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रिपोर्ट त्यांनी हाताने लिहिला आणि टाइप करायला माझ्याकडे दिला.

वाचून मी हबकलो. मनोरा धोकादायक. जिना धोकादायक. कोर्टरूमचं छत कधीही खाली येईल. फॉर्मवर चार चौकोन होते, चांगली, बरी, वाईट आणि शेवटचा, वापरास असुरक्षित. त्यांनी शेवटच्या चौकोनात खूण केली होती.

"काका, इमारत खरंच एवढी वाईट आहे?"

"छे! मनोऱ्याचा एक कोपरा कुजलाय, तेवढा बदलला की झालं. बाकी शंभर वर्षं हलत नाही."

"मग हे काय?"

"हे वरच्यांसाठी," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "तुला खात्यातली रीत माहीत नाही. ज्युनियर लिहितो, कोसळायच्या बेतात आहे. डेप्युटी त्यात कापून करतो, नादुरुस्त आहे. एक्झिक्युटिव्ह करतो, दुरुस्ती करता येईल. मुंबईला पोचेपर्यंत उरतं, किरकोळ डागडुजी. प्रत्येक टेबलावर एक पायरी कमी होते. म्हणून खालून लिहिणाऱ्याने वाढवूनच लिहायचं. म्हणजे शेवटी हवं तेवढं पदरात पडतं."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी काकूंखेरीज कुणाला सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावच्या दवाखान्याचं छत त्यांनी तपासलं आणि जसं होतं तसं लिहिलं, दुरुस्ती आवश्यक. फाइल वर जाऊन परत आली, निरीक्षणाखाली ठेवावे. आठ महिन्यांनी तुळई पडली. खाली झाडत असलेल्या शिपायाचा पाय गुडघ्यापासून गेला. "तो माणूस मला पुढे बाजारात दिसायचा, कुबडी घेऊन. नमस्कार करायचा, साहेब म्हणायचा. त्या दिवसापासून ठरवलं, खरं आहे तेवढंच लिहायचं नाही. त्याने माणसं मरतात."

मी त्यावर काय केलं असेल? मी मान डोलावली. आपल्याला हे पटायला कितीसा वेळ लागतो! शाळेच्या चिठ्ठीत आपला साधा ताप कधी नव्हताच, फणफणून होता. फोनसाठी, गॅससाठी, रजेसाठी केलेल्या प्रत्येक अर्जात आपली आजी अत्यवस्थ असायची. ऐकणारा निम्मं सोडून देतो, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. त्या तळघरात आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. त्यांनी शेवटी लिहिलेला निष्कर्ष मी उचलून पहिल्या पानावर आणला आणि बोल्ड केला. ती अक्कल माझी.

रिपोर्ट वर गेला. काका वाट बघत होते ती शेरा मारून फाइल परत यायची. "क्वेरी येईल बघ. विचारतील, इतकं वाईट आहे का? मग मी म्हणेन, तसं नाही, पण लवकर हात घातला पाहिजे." रोज सकाळी आल्या आल्या टपालाचा ट्रे बघायचे. एक आठवडा गेला, दोन गेले. क्वेरी आली नाही. तिसऱ्या सोमवारी आम्ही कामावर आलो तर दाराला लाल नोटीस लावलेली होती आणि जज्ज, कारकून, सफाईवाल्या बायका, सगळे हिरवळीवर उभे होते. असुरक्षित इमारतीत कुणाला बसवता येणार नाही, म्हणून कोर्ट त्या क्षणापासून बंद. नोटिशीत काकांच्या रिपोर्टातलं वाक्य होतं, काना-मात्रेचा फरक न करता. एकाही टेबलावर कुणी काही कमी केलं नव्हतं.

ते नोटीस दोनदा वाचून माझ्याकडे वळले. "यांनी नुसतंच पुढे पाठवलं रे," म्हणाले. चेहरा इतका गोंधळलेला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या महिन्यात दुपारी शाळेच्या जिममध्ये बोर्डाची सभा झाली. सगळं गाव आलं होतं. बोर्डाच्या अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. तिच्याबद्दल मला वाईट लिहायचा फार मोह होतो, पण लिहिता येत नाही, कारण ती सरळ बाई होती. तिचं स्वतःचं लग्न त्या कोर्टरूममध्ये लागलं होतं. बोलताना तिचा आवाज भरून आला. ती म्हणाली, मला ही इमारत वाचवायची होती. पण आपल्याच इन्स्पेक्टरने, ज्याच्याइतकं या दगडांवर कुणाचंच प्रेम नाही, त्याने मन घट्ट करून खरं लिहिलंय. उद्या त्या जिन्यावर एखादं मूल दगावलं, तर मी कुणाला तोंड दाखवू?

लोकांनी काकांसाठी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या प्रामाणिकपणासाठी.

काका उभे राहिले. "मॅडम, इट कॅन बी रिपेअर्ड."

"पण तुम्ही लिहिलंय की छत कधीही खाली येईल."

"इट विल नॉट फॉल, मॅडम."

तिने चष्मा लावला, पहिलं पान वर धरलं. माझी बोल्ड अक्षरं मला शेवटच्या रांगेतून दिसत होती. तिने अगदी सौम्यपणे विचारलं, "हे बरोबर आहे, की बरोबर नाही? मला फक्त एवढंच सांगा."

मला आठवतं, काकांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. मी उठून काय सांगणार होतो? की आमच्याकडे असंच लिहितात? की तुम्ही निम्मं सोडून द्यायला हवं होतं? मी जागचा हललो नाही. काका म्हणाले, "दॅट इज माय सिग्नेचर, मॅडम," आणि खाली बसले.

जुनं कोर्ट पाडून गावाबाहेर नवं बांधायचा ठराव एकमताने झाला.

घरी जाताना गाडीत तेच म्हणाले, "वाढवून लिहिलं म्हणालो असतो, तर मी पास केलेली प्रत्येक शाळा, प्रत्येक जिना संशयात गेला असता. लायसन्स गेलं असतं." मग म्हणाले, "ही सगळी नंतर सुचलेली कारणं आहेत. मी घाबरलो रे. एवढंच झालं."

इमारत दुरुस्त करा म्हणून त्यांनी बोर्डाला तीन पत्रं लिहिली. उत्तरं वेळेवर आली, फार सभ्य होती, आणि प्रत्येकात त्यांच्या सेवेबद्दल आभार मानले होते. काउंटीच्या विमा कंपनीचा माणूस मला एकदा म्हणाला, असुरक्षित हा शब्द एकदा कागदावर चढला की तो उतरवायची हिंमत कुणी करत नाही. तुमचे काकाच उतरवू शकले असते, तेही त्या एका दिवशी. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांना माहीतच होतं.

इमारत रिकामी झाल्यावर हीटिंग बंद केलं. मिशिगनच्या थंडीत बंद घराचं काय होतं ते इथे राहिलेल्या कुणालाही विचारा. नळ फुटले, वरच्या मजल्यावरून पाणी उतरलं, भिंतीत जाऊन गोठलं. किल्ल्या अजून काकांकडे होत्या. दर रविवारी ते बादली आणि फडकी घेऊन जायचे, मी गाडी चालवायचो. साठी उलटलेला माणूस गुडघ्यांवर बसून कोर्टरूमची लाकडी जमीन पुसतोय आणि वरून पुन्हा ठिबकतंय. फेब्रुवारीत छताच्या पत्र्याचा मोठा तुकडा साक्षीदाराच्या खुर्चीवर येऊन पडला. काकांनी तो उचलून भिंतीला टेकवून ठेवला. "बघ," म्हणाले, "माझा रिपोर्ट आता खरा व्हायला लागला." त्यानंतर ते गेले नाहीत. किल्ल्या त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जमा केल्या.

पाडायचं काम २००६च्या उन्हाळ्यात निघालं. कंत्राटदार म्हणाला होता, आठवड्यात जमीन सपाट करून देतो. त्याला पाच आठवडे लागले. मनोरा दोन दिवसांत उतरला, पण भिंती हलेनात. यंत्राचा दणका बसला की दगडाची कपची उडायची, बस. तळघरातल्या त्या विटांच्या कमानी त्यांना एकेक करून फोडाव्या लागल्या. काका रोज जेवणाच्या सुट्टीत कुंपणाबाहेर उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, "काका, कशाला स्वतःचे हाल करून घेता?" तर म्हणाले, "इन्स्पेक्टरने हजर राहायचं असतं."

एक दिवस तिथला मुकादम घाम पुसत कुंपणापाशी आला. मोठा हसतमुख माणूस. म्हणाला, एवढी भक्कम इमारत मी आयुष्यात पाडली नाही. हिला असुरक्षित म्हणणारा गाढव कोण होता?

"मी," काका म्हणाले.

त्याला वाटलं थट्टा आहे. तो खो खो हसला, काकांच्या खांद्यावर थाप मारून परत यंत्राकडे गेला.

पाये तर उखडलेच नाहीत. शेवटी कंत्राटदाराने परवानगी काढून ते जमिनीतच ठेवले, मधल्या जागेत भरणी टाकली, वरून डांबर ओतलं आणि पांढरे पट्टे मारून गाड्या लावायला जागा करून दिली. तिथे फारशा गाड्या कधी नव्हत्याच. कोर्ट गावाबाहेर गेल्यावर त्या चौकातली दुकानंही एकेक करून मिटली.

काका त्यानंतर दीड वर्ष नोकरीत होते. पण सही करायची झाली की त्यांचा हात अडायचा. मला नोव्हायला ऑफिसात फोन करायचे. मी तोवर दुसऱ्या नोकरीला लागलो होतो. "पाठवलंय तुला, वाचून बघ. मी बघितलंय तेवढंच लिहिलंय ना?" एखाद्या शाळेच्या कठड्याचा चार ओळींचा रिपोर्ट असायचा. मी म्हणायचो, "अगदी तेवढंच आहे, काका." तरी संध्याकाळी परत फोन. मला कधी कधी कंटाळा यायचा. एकदोनदा मी फोन उचललाही नाही, आणि आता ते माझ्याच्याने विसरवत नाही. शेवटी मुदतीआधीच त्यांनी राजीनामा दिला आणि भावाकडे मिरजेला कायमचं परतायचं ठरवलं. काकूंची इच्छा नव्हती. तीस वर्षांचा संसार होता इथे. मला त्या एवढंच म्हणाल्या, "इथे त्यांना कुठल्याच रस्त्याने जाता येत नाही रे. बाजारात जायला सुद्धा लांबून वळसा घालतात."

मार्चमध्ये मी त्यांना डेट्रॉइटच्या विमानतळावर सोडायला निघालो. बर्फ वितळत होतं, सकाळचं पांढरं ऊन होतं. काकू मागे मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. चौकाजवळ आलो तसे काका म्हणाले, "इथून घे. दोन मिनिटं थांब."

त्या डांबरी जागेवर एकही गाडी नव्हती. दोन हिवाळ्यांत मधली भरणी खचली होती. जिथे खाली जुने पाये होते तिथलं डांबर मात्र होतं तिथेच राहिलं होतं, वीतभर उंच, सरळ रेषांत. वितळलेल्या बर्फाचं पाणी त्या रेषांच्या मध्ये साचलं होतं. हा लांबलचक मधला हॉल. ही रेकॉर्डची खोली, जिथे मी खोकी उघडायचो. तो जिना. तो कोपरा, जिथे आम्ही डबा खायचो. सगळं कोर्ट पाण्यात उमटून जमिनीवर पडलं होतं. मला बघताक्षणी कळलं, मग त्यांना किती आधीपासून माहीत असेल.

काका प्रवासाचे नवे बूट घालून पाण्यात उतरले. हळूहळू हॉलमधून चालत गेले, शेवटाला डावीकडे वळले, रेकॉर्डच्या खोलीत जाऊन उभे राहिले. नुसते उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी हॉर्नकडे हात नेला तर काकू म्हणाल्या, "नको." त्या रडत होत्या.

ती खोली आमच्या गाडीपासून दहा पावलांवर होती. शेवटी मी काच खाली केली. "काका, चला. विमान आहे."

त्यांनी वर पाहिलं, हात केला आणि आमच्याकडे पाठ करून निघाले. खोलीतून मागे, हॉलच्या पाण्यातून पूर्ण लांबी चालत, दाराच्या जागेतून बाहेर, मग कोपऱ्याला वळसा घालून, संबंध इमारतीच्या कडेने ते गाडीपाशी आले. पँट घोट्यांपर्यंत भिजली होती.

"इतक्या लांबून कशाला आलात?" मी म्हटलं. "समोरच तर होतो आम्ही. सरळ यायचं ना."

"मध्ये भिंत आहे," ते म्हणाले आणि आत बसून त्यांनी पट्टा लावला.